मोटारगाडीतील तेलबदल

मोटारगाडीतील तेलबदल : मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन-एंजिनातील वापराने दूषित व क्षीण झालेले वंगण तेल काढून घेऊन त्या जागी नवे तेल भरण्याची क्रिया. कारागिरांच्या बोलीत हिला ‘ऑइल बदलणे’ म्हणतात व काढलेल्या तेलाला ‘जळके ऑइल’ असे नाव आहे. क्रिया सोपी असून तिला अवजारेही थोडीच लागतात. तथापि ती मालकाने करावयाची, चालकाने करावयाची की मेस्त्रीने, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले आहे. प्रस्तुत नोंदीत या बदलाचा इतिहास मुख्यतः कोल्हापूर शहर व त्याच्या दक्षिणेस गारगोटी रस्त्यावर वसलेले कळंबा (ता. करवीर) या परिसराच्या संदर्भात दिला आहे. या भागातील शेतकऱ्यांस मोटारीची ओळख होण्यापूर्वी पाणी उपसण्याच्या तेल एंजिनाची ओळख झाली होती, आणि कळंब्यास पिण्याच्या पाण्याचा तलाव असल्याने काढलेल्या तेलाचे पुढे काय होते, हा प्रश्न येथे केवळ पुस्तकी राहत नाही.

वंगण हा शब्द मराठीत मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. बैलगाडीच्या आसावर व चाकाच्या तुंब्यात घालण्यासाठी एरंडेल वा तत्सम तेलात काजळी किंवा जळलेल्या गवताची राख कालवून काळे, दाट वंगण तयार करीत आणि ते नळकांड्यात भरून गाडीखाली टांगून ठेवीत. चाक करकरू लागले की गाडीवान उतरून आसाला वंगण देई. येथे वंगण संपते म्हणून नवे घालावयाचे असते. जुने काढून टाकण्याची कल्पनाच नसते. आरंभीच्या मोटारींची व्यवस्थाही याहून फारशी वेगळी नव्हती. एंजिनाच्या भागांवर लहान पात्रांतून तेल थेंब थेंब ठिबकत असे. त्यातील काही जळून धुराबरोबर जाई व उरलेले रस्त्यावर गळे. चालकाचे काम केवळ पात्र भरलेले ठेवण्याचे असे. १८९९ मध्ये चार्ल्स वेकफील्ड यांनी लंडनमध्ये स्थापन केलेल्या संस्थेने १९०९ च्या सुमारास एरंडेल मिसळलेले एंजिन तेल बाजारात आणले व त्यास एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले. बैलगाडीचे एरंडेल अशा रीतीने मोटारीतही शिरले. ते उत्तम वंगण असले, तरी तापल्यावर हवेशी संयोग पावून डिंकासारखा चिकट थर धरते. त्यामुळे सामान्य मोटारींत पुढे खनिज तेलच रूढ झाले.

तेल एंजिनाच्या तळाशी साठवून पुनःपुन्हा वापरण्याची पद्धत आली, तेव्हा ‘बदल’ ही क्रिया जन्मास आली. अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या ‘टी’ नमुन्याच्या मोटारीत (१९०८–२७) तळाच्या पात्रातील तेल फिरत्या भागांनी उडवून सर्वत्र पोहोचविले जाई. तीत तेलाचा स्वतंत्र पंप नव्हता, गाळणी नव्हती व पातळी पाहण्याची पट्टीही नव्हती. तेलाची पातळी तळाच्या दोन लहान तोट्या उघडून पाहावी लागे. या मोटारीच्या पुस्तिकेत नव्या गाडीचे तेल पहिल्या ४०० मैलांनी (सु. ६४० किमी.) व नंतर दर सु. ७५० मैलांनी (सु. १,२०० किमी.) काढून टाकावे, अशी मालकालाच उद्देशून सूचना होती. म्हणजे ज्या मोटारीने वाहन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले, तिनेच तेलबदलाचे कामही त्याच्या माथी दिले. हे काम महिन्या-दोन महिन्यांनी करावे लागे. गाडीखाली शिरण्याची सवय नसलेल्या मालकाला मोटार बाळगणे त्या काळी जडच गेले असणार.

हा कालावधी पुढे वाढत गेला, त्याला तीन सुधारणा कारणीभूत झाल्या. पहिली गाळणीची. अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी तयार केलेली तेलाची गाळणी १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत कारखान्यातूनच बसविलेली होती. दुसरी सुधारणा तेलाच्या प्रतीची. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने (एसएई) १९११ पासून तेलांचे वर्गीकरण श्यानतेनुसार, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधानुसार, करण्यास आरंभ केला. पुढे थंडीत फार घट्ट न होणारी व उष्णतेत फार पातळ न होणारी बहुश्रेणी तेले आली. डब्यावरील ‘२०डब्ल्यू-४०’ यांसारख्या खुणा याच वर्गीकरणातील आहेत. तिसरी व सर्वांत महत्त्वाची सुधारणा १९३०–४० च्या दशकात प्रथम डीझेल एंजिनांसाठी झाली. तेलात प्रक्षालक द्रव्ये मिसळल्याने काजळी दट्ट्याच्या खाचांत न साचता सूक्ष्म कणांच्या रूपात तेलातच तरंगत राहू लागली.

या तिसऱ्या सुधारणेमुळे एक गैरसमज रूढ झाला व तो अद्याप पूर्णपणे गेलेला नाही. प्रक्षालक नसलेले जुने तेल बराच काळ पिवळसर दिसे, कारण मळ एंजिनाच्या आतील भिंतींवर बसलेला असे. प्रक्षालक असलेले तेल, विशेषतः डीझेल एंजिनात, काही शे किलोमीटरांतच काळे होते. ते काळे होणे हे त्याने आपले काम केल्याचे लक्षण होय. ‘तेल काळे पडले, बदला’ हा सल्ला म्हणूनच अनेकदा चुकीचा ठरतो. उलट, पेट्रोल एंजिनातील स्वच्छ दिसणारे तेलही आम्लांनी व पेट्रोलाच्या मिश्रणाने निकामी झालेले असू शकते. अनुभवी मेस्त्री रंगावर न थांबता तेलाचा थेंब बोटांत चोळून त्यातील कच व पातळपणा अजमावतात आणि वासावरून इंधन मिसळल्याचे ओळखतात. टीपकागदावर थेंब टाकून त्याभोवती पसरणाऱ्या वलयांवरून तेलाची अवस्था ठरविणे ही याच अनुभवाची थोडी शास्त्रीय आवृत्ती होय. मध्यभागी घट्ट काळा ठिपका राहून मळ बाहेर पसरला नाही, तर प्रक्षालक द्रव्ये संपली असे समजतात.

तेल निकामी होते ते पुढील रीतीने. इंधनाच्या ज्वलनात पाण्याची वाफ व आम्लधर्मी वायू तयार होतात आणि त्यांचा काही भाग दट्ट्याच्या कड्यांवरून खाली तेलात उतरतो. उच्च तापमानात तेलाचे ऑक्सिडीभवन होते. घर्षणाने सुटलेले धातूचे कण त्यात मिसळतात. समावेशक द्रव्ये हळूहळू खर्ची पडतात. एंजिन पुरेसे तापले, तर तेलात उतरलेले पाणी व पेट्रोल उडून जाते. कळंब्याहून शहरात जाण्यायेण्याच्या चार-पाच किलोमीटरांच्या फेऱ्यांत मात्र ते पुरते तापत नाही. त्यामुळे अशी गाडी अंतर कमी कापत असली, तरी तिचे तेल घाट चढून कोकणात जाणाऱ्या गाडीच्या तेलापेक्षा लवकर बिघडू शकते. पुस्तिकांत किलोमीटरांबरोबर महिन्यांचीही मर्यादा दिलेली असते ती याचसाठी. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन; वंगणक्रिया].

कोल्हापूर परिसर : मुंबईत मोटारगाड्या १८९८ च्या सुमारास आल्या. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांत त्या आधी राजघराण्यांकडे व सरदारांकडे पोहोचल्या. कोल्हापूरच्या छत्रपतींची जर्मन बनावटीची मेबाख मोटार दसऱ्याच्या सोहळ्यातील मानाचे वाहन म्हणून प्रसिद्ध आहे. अशा मोटारींची देखभाल पगारी चालक व यंत्रकारागीर करीत. मालकाने तेलाला हात लावण्याचा प्रश्न नव्हता. याच काळात तेल एंजिनाने मात्र वेगळ्या वाटेने या भागात प्रवेश केला. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३०–४० च्या दशकात डीझेल एंजिने तयार होऊ लागली. किर्लोस्करवाडीस १९१० मध्ये नांगरांपासून आरंभ केलेल्या किर्लोस्कर समूहाने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे तेल एंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील लहान लहान ओतशाळांतून व यंत्रशाळांतून तेल एंजिने व त्यांचे सुटे भाग तयार होऊ लागले. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत मोटारींसाठी ओतीव भाग, दट्ट्ये, धारवे इत्यादींचे उत्पादन वाढले. ज्या भागांमधून तेलाचे पटल फिरते, त्यांतील बरेचसे भाग याच जिल्ह्यात घडतात, ही गोष्ट येथील कारागिरांच्या जाणकारीमागे आहे.

विहिरीवर किंवा नदीकाठी बसविलेल्या मंदगती एकसिलिंडरी एंजिनाचे तेल बदलणे हे काम शेतकरी बहुधा स्वतःच करीत असे. एंजिन जागचे हलत नसल्याने ते मेस्त्रीकडे नेणे शक्य नव्हते, आणि मेस्त्रीला एवढ्यासाठी शेतावर आणणे परवडत नसे. मिनिटाला सु. ६५० फेरे करणाऱ्या लिस्टर धर्तीच्या एंजिनात तळाचे तेल चमच्यासारख्या भागाने उडविले जाते. बाजूचे झाकण काढून आतला गाळ चिंधीने पुसता येतो. गाडीखाली शिरावे लागत नाही. चाललेल्या तासांचा हिशेब पाण्याच्या पाळ्यांवरून ठेवीत. उसाच्या भिजवणीचा मोसम संपला की तेल काढावयाचे, असा साधा नियम अनेक ठिकाणी होता. वीजपंप आल्यावर ही एंजिने मागे पडली, परंतु एका पिढीच्या हाताला लागलेले वळण राहिले. मोटारीचे तेल प्रथमच बदलणाऱ्या या भागातील माणसाला नटाची ओळख आधीच असते व अडचण येते ती केवळ जागेची, असे जे म्हटले जाते, त्यात तथ्य आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात रस्त्यावरील वाहनांत मालमोटारी व एस. टी. बसगाड्या प्रमुख होत्या. मुंबई राज्यातील शासकीय बस वाहतूक १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर सुरू झाली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्यावर ही व्यवस्था येथेही आली. आगारांत तेलबदल ठराविक किलोमीटरांनी, नोंदवहीप्रमाणे होई. मालमोटारींवर ते काम क्लीनरचे. चेंबरचा नट उघडणे हीच त्याची पहिली शिकवण असे. तेथून तो चालक किंवा मेस्त्री होई. हे शिक्षण तोंडी व हाताने होत असल्याने त्यात नेमकेपणा होता, पण कारणे नव्हती. काळ्या तेलाविषयीचा वर सांगितलेला गैरसमज याच मार्गाने टिकून राहिला. केंद्र शासनाच्या १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. कोल्हापूरची शासकीय संस्था कळंबा रस्त्यावरच आहे. मोटार व डीझेल यंत्रकारागीर या व्यवसायांच्या अभ्यासक्रमात तेल व गाळणी बदलणे हा आरंभीच्या प्रात्यक्षिकांपैकी एक भाग असतो. हे काम ज्यांनी कारणांसह प्रथम येथे केले, असे अनेक कारागीर पुढे जिल्ह्यातील गॅरेजांत व कारखान्यांत गेले.

खाजगी मोटारींत दीर्घकाळ अँबॅसडर (१९५७–२०१४) व कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट, नंतरची पद्मिनी (उत्पादन २००० च्या सुमारापर्यंत), यांचेच प्राबल्य होते. या गाड्यांना जमिनीपासून उंची बरी असल्याने, थोडे धाडस केल्यास जॅक न लावताही चेंबरच्या नटापर्यंत हात पोहोचतो. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने मोटार मध्यमवर्गीयांच्या घरी नेली. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, लहान व्यापारी असे मालक त्यात आले. त्यांतील बरेच जण पैसे वाचविण्यासाठी, आणि काही निव्वळ हौसेने, रविवारी सकाळी तेल स्वतः बदलू लागले. तीन सिलिंडरांच्या या एंजिनाला सु. तीन लिटर तेल पुरते. तेल कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणानंतर (एस्सो १९७४, बर्मा-शेल व कॅल्टेक्स १९७६) पेट्रोल पंपावर सार्वजनिक क्षेत्रातील तेलेच मिळत. १९९०–२००० या दशकात वंगण तेलांचा व्यापार खुला झाल्यावर सीलबंद डब्यांत अनेक प्रतींची तेले दुकानोदुकानी आली. भेसळीची भीतीही त्याबरोबर वाढली; रिकामा डबा मोडून टाकावा, ही सूचना डब्यावर छापली जाते ती त्याचमुळे.

प्रथम बदल : हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने गाडी सपाट जागी उभी करून एंजिन थोडा वेळ चालवावे. कोमट तेल सहज वाहते व गाळही बरोबर घेऊन येते. फार तापलेले तेल हाताला भाजते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. तिला भक्कम आधार द्यावा व चाकांना अडसर लावावेत. या एका सूचनेची उपेक्षा झाल्याने जीव गेले आहेत. बाकीच्या चुका पैशांत भरून निघतात. तेल भरण्याचे वरचे झाकण सैल करून नंतर खालचा नट रिंग पान्याने उघडतात. आडवे एंजिन असलेल्या गाड्यांत गिअरपेटीचा नट जवळच असतो व नवखा माणूस तोच उघडण्याचा संभव असतो. मग गिअरपेटी रिकामी व एंजिनात दुप्पट तेल, असा प्रकार घडतो. नटाखालील वायसर नवा घालतात. ॲल्युमिनियमच्या चेंबरला नट जोराने आवळल्यास आटे मरतात व तेलबदलाच्या बचतीपेक्षा चेंबरचा खर्च मोठा होतो. गाळणी हाताने सोडविता न आल्यास पट्ट्याच्या पान्याने सोडवितात. जुन्या गाळणीचे रबरी कडे एंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. दोन कडी एकावर एक बसली, तर एंजिन सुरू होताच तेल दाबाने बाहेर फेकले जाते. नव्या गाळणीच्या कड्याला तेलाचे बोट लावून ती हातानेच बसवितात. तेल पुस्तिकेत दिलेल्या मापाहून थोडे कमी ओतून, एंजिन क्षणभर चालवून, तेलदाबाचा तांबडा दिवा विझल्याची खात्री करून घेतात. मग काही मिनिटे थांबून पट्टीवरील पातळी पाहून उरलेले भरतात. जास्त तेल म्हणजे अधिक काळजी असे नव्हे. पातळी फार वाढल्यास भुजादंड तेलात घुसळतो, फेस होतो व फेसाने वंगण होत नाही.

एकविसाव्या शतकात मालकाच्या हातून हे काम पुन्हा निसटू लागले. हमीच्या काळात अधिकृत कार्यशाळेतील नोंद महत्त्वाची ठरते. गाड्यांखाली पत्र्याचे वा प्लॅस्टिकचे आच्छादन आले. संश्लिष्ट तेलांमुळे मुदत अनेक गाड्यांत १०,००० किमी. किंवा एक वर्ष इतकी झाली. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनंतर डीझेल गाड्यांच्या निष्कास मार्गात काजळीची गाळणी असते व तिला राख कमी निर्माण करणारेच तेल चालते. जवळच्या दुकानातील कोणतेही चांगले तेल घालण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे उरलेले नाही. तरीही गाडी हमीबाहेर गेली की बरेच मालक परिचित मेस्त्रीकडे वळतात, काही स्वतः पाना हाती घेतात.

जळके तेल : काढलेल्या तेलाला ग्रामीण व शहरी अर्थव्यवस्थेत नेहमीच गिऱ्हाईक होते. लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून, बांधकामातील सेंट्रिंगच्या पत्र्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून, बैलगाडीच्या आसासाठी व भट्टीत जाळण्यासाठी ते वापरीत आले आहेत. टाकाऊ वस्तूचा हा उपयोग वरवर काटकसरीचा वाटतो, पण तो निर्धोक नाही. वापरलेल्या तेलात बहुचक्रीय हायड्रोकार्बने व जड धातू असतात. फेब्रुवारी २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशातून बंद होईपर्यंत शिसेही पुष्कळ असे. ते वारंवार त्वचेस लावल्यास प्राण्यांत कर्करोग होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. उघड्या भट्टीत जाळल्यास धातू धुराबरोबर हवेत जातात. एक लिटर तेल सु. दहा लाख लिटर पाणी पिण्यास निरुपयोगी करू शकते, हा आकडा नेहमी सांगितला जातो. तो पाण्याला येणाऱ्या वास व चवीच्या अंगाने काढलेला कमाल अंदाज आहे. तथापि तेलाचे पातळ पटल पाण्यावर दूरवर पसरून हवेचा संपर्क तोडते, हे गटारावरील रंगीत तवंगावरून कोणालाही दिसू शकते.

कळंबा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधण्यात आला. कात्यायनीच्या टेकड्यांच्या बाजूने येणारे पावसाचे पाणी त्यात साठते. बांधणीच्या वेळी भोवती शेते व माळ होते. मध्यंतरी शहर कळंब्यापर्यंत वाढले असून वस्ती, वाहने आणि त्यांबरोबर गॅरेजे व गाड्या धुण्याची केंद्रे आली. अंगणात तेल बदलून भांडे रस्त्याकडेच्या चरीत रिते करणाऱ्यास पावसाळ्यात ते उताराने कोठे जाते, हे दिसत नाही. तीन लिटर ही मात्रा एका घरापुरती क्षुल्लक वाटते. पाणलोट क्षेत्रातील सर्व घरांची वर्षाची बेरीज तशी नसते.

वापरलेले तेल १९८९ च्या घातक टाकाऊ पदार्थांविषयीच्या नियमांच्या कक्षेत आले. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनःशुद्धीकरण केंद्राकडेच जावयास हवे. पूर्वी सल्फ्यूरिक आम्ल व शोषक मातीच्या साहाय्याने शुद्धीकरण करीत. त्यातून निघणारा आम्लयुक्त चिखल मूळ तेलाहून अधिक उपद्रवी असल्याने निर्वात ऊर्ध्वपातनावर आधारित पद्धतींचा अवलंब करण्यात आला. शुद्ध केलेले तेल समावेशक द्रव्ये मिसळून पुन्हा एंजिनात वापरता येते, कारण वापराने तेलाचा मूळ रेणू फारसा नष्ट होत नाही. नष्ट होतात ती त्यातील द्रव्ये. २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीने तेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवर वापरलेल्या तेलाच्या पुनश्चक्रणाची जबाबदारी टाकण्यात आली. ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. कार्यशाळांतील पिंपे या व्यवस्थेतून उचलली जातात. घरी तेल बदलणाऱ्याने ते नव्या तेलाच्याच डब्यात भरून, त्यात पाणी, थिनर किंवा ब्रेकचे तेल न मिसळता, अशा कार्यशाळेस द्यावयाचे असते. मिसळलेले तेल शुद्धीकरणास घेतले जात नाही. गाळणीतही बरेच तेल अडकून राहते. ती उलटी ठेवून रात्रभर निथळू देतात आणि निथळलेले तेल त्याच डब्यात घालतात.